भीती जाण्याची वाट पाहू नका

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एक मोठं वनस्पती उद्यान आहे. 1933 च्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी तिथे रोज जाऊ लागला. झाडं-फुलं हे निमित्त होतं. मुलींशी बोलायची त्याला विलक्षण धास्ती वाटायची. कुणी आवडली तरी तो दुरूनच बघत राहायचा आणि ती घाईत असेल, तिला आवडणार नाही, आज नको, उद्या बघू, अशी कारणं स्वतःला देत घरी परतायचा. शेवटी त्याने स्वतःलाच गृहपाठ दिला. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. सबब ऐकून घ्यायची नाही.

तो 130 जणींच्या बाकावर जाऊन बसला. त्यांतल्या 30 जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या 100 जणींशी तो फुलं, पक्षी, पुस्तकं, हवापाणी अशा विषयांवर बोलला. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, पण ठरल्या दिवशी ती आलीच नाही.

फळ म्हणाल तर शून्य. तरीही तो तरुण खूश होता. कारण ज्याची भीती वाटत होती त्यातलं काहीच घडलं नव्हतं. कुणी आरडाओरडा केला नाही, पोलीस आले नाहीत. नकार मिळाला, तो जरासा झोंबला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाकावर हजर. शंभर संभाषणं होईपर्यंत बोलण्याची भीती पार ओसरली होती.

अनोळखी स्त्रीच्या शेजारी जाऊन बसण्याचा हा प्रयोग आज कुणी जसाच्या तसा करू नये. तिलाही तिचा निवांतपणा असतो. पण त्यातलं सूत्र लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे तेच मानसोपचाराच्या एका मोठ्या पद्धतीचं बीज ठरलं. तो तरुण म्हणजे अल्बर्ट एलिस. 1982 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची एक पाहणी झाली. सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ कोण, या प्रश्नाच्या उत्तरात कार्ल रॉजर्स यांच्यानंतर दुसरा क्रमांक एलिस यांचा लागला. सिग्मंड फ्रॉइड तिसरे होते.

सुख आणि यश यांच्या आड येणारे अडथळे दोन प्रकारचे असतात. काही बाहेरचे असतात: पैशांची चणचण, आजारपण, जातीवरून किंवा बाईपणावरून होणारा अन्याय, मोजक्या जागा आणि हजारो उमेदवार. ते खरे असतात आणि नुसता विचार बदलून हटत नाहीत. दुसरे अडथळे आपण स्वतः उभे करतो: संकोच, चालढकल, नापास होण्याची धास्ती, लोक काय म्हणतील ही टोचणी. एलिस यांनी आयुष्य वेचलं ते या दुसऱ्या प्रकारावर. हे अडथळे आधी मनातून पुसले जातील आणि मग आपण पाऊल उचलू, असं आपण धरून चालतो. एलिस यांचा अनुभव उलटा होता. आधी पाऊल उचलावं लागतं.

इस्पितळातला मुलगा

एलिस यांचा जन्म 27 सप्टेंबर 1913 रोजी पिट्सबर्गला झाला. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील व्यवसायानिमित्त सतत बाहेर, आई आपल्याच नादात. अल्बर्ट पाच वर्षांचा असताना त्याला मूत्रपिंडाचा आजार झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं इस्पितळाच्या वाऱ्या सुरू राहिल्या. त्यातला एक मुक्काम तर कित्येक महिन्यांचा होता. इतर मुलांकडे आईवडील खाऊ घेऊन यायचे, याच्याकडे क्वचितच कुणी फिरकायचं. घरी आल्यावर धाकट्या भावंडांचं बरंचसं त्यालाच बघावं लागे. तो बारा वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले.

असं बालपण लाभलेला माणूस जन्मभर आईबापांना बोल लावत बसला असता तरी कुणी नवल केलं नसतं. एलिस यांनी तसं केलं नाही. वाईट वाटलं, पण त्याने आपलं सगळं आयुष्य वाईट ठरत नाही, अशी समजूत त्यांनी लहानपणीच घातली होती, असं ते पुढे सांगत. यात स्वभावाचा भाग किती आणि नंतर आलेल्या शहाणपणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण वाचनाचा वाटा नक्की होता. सोळाव्या वर्षापासून ते तत्त्वज्ञान वाचत होते. त्यांना विशेष भावला एपिक्टिटस. हा प्राचीन रोमन साम्राज्यातला गुलाम. पुढे मुक्त होऊन तत्त्वज्ञ झाला. माणसाला घटना तेवढं अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात, अशी त्याची शिकवण होती.

एलिस यांनी 1934 मध्ये वाणिज्य शाखेची पदवी घेतली. कादंबरीकार व्हायचं होतं, पण लिहिलेल्या बाडांना प्रकाशक मिळेना. मग ते मानसशास्त्राकडे वळले आणि 1947 साली कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्या काळात मानसोपचार म्हणजे मनोविश्लेषण. रुग्णाला कोचावर आडवं करायचं, बालपणाच्या आठवणी वर्षानुवर्षं उकरायच्या. एलिस यांनी तेही केलं. त्यांच्या लक्षात आलं की भीतीचं मूळ बालपणात सापडलं तरी लोकांची भीती जागच्या जागी राहते. कारण कळणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. 1953 च्या सुमारास त्यांनी मनोविश्लेषक हे बिरुद सोडलं आणि 1955 मध्ये स्वतःची पद्धत सुरू केली. तिचं नाव अनेकदा बदललं. आज ती आरईबीटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

घटना, समजूत आणि परिणाम

या पद्धतीचा पाया ए-बी-सी या तीन अक्षरांत सांगितला जातो. ए म्हणजे घडलेली घटना. सी म्हणजे तिचा आपल्या भावनांवर आणि वागण्यावर झालेला परिणाम. आपल्याला वाटतं, ए मुळे सी झालं: साहेब रागावले म्हणून मी खचलो. एलिस म्हणतात, मधली पायरी विसरू नका. ती म्हणजे बी, त्या घटनेविषयीची आपली समजूत.

एक उदाहरण घेऊ. परभणीकडच्या मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी पुण्यात हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला लागली आहे. कामात हुशार. पण बैठकीत सगळे इंग्रजीत बोलू लागले की तिच्या घशाला कोरड पडते. परवा एका प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं, तरी ती गप्प बसली. शेजारच्याने तेच उत्तर दिलं आणि शाबासकी मिळवली. तिने खोलीवर येऊन रडून घेतलं आणि आपल्याला हे जमायचं नाही अशी खूणगाठ बांधली.

इथे घटना एवढीच: बैठकीत इंग्रजीतून बोलायची वेळ आली. तिच्याच बरोबर त्याच दिवशी रुजू झालेला, तिच्याइतकंच मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा मुलगा मात्र बिनदिक्कत बोलतो. घटना दोघांना सारखीच आहे, फरक मधल्या पायरीत आहे. ती मनात म्हणत असते: माझं इंग्रजी चुकता कामा नये, चुकलं तर सगळे हसतील, ते मला सहन होणार नाही, हसले म्हणजे मी या जागेला लायकच नाही. तो म्हणत असतो: चुकलं तर चुकलं, मुद्दा पोचला की झालं.

अशा बोलण्यातला प्रत्येक तुकडा एलिस यांनी वेगळा काढून दाखवला. मुळाशी असतो हट्ट. अमुक व्हावं अशी इच्छा असणं चांगलंच आहे, माणूस इच्छेवरच चालतो. पण इच्छेचा हुकूम झाला की गडबड होते. हे हुकूम तीन तऱ्हेचे असतात: मी प्रत्येक वेळी उत्तम कामगिरी केलीच पाहिजे, लोकांनी माझ्याशी चांगलंच वागलं पाहिजे, आणि परिस्थिती मला हवी तशी, फार त्रास न देता मिळालीच पाहिजे. पहिल्यातून धास्ती आणि न्यूनगंड येतो, दुसऱ्यातून संताप, तिसऱ्यातून कुरकुर आणि चालढकल.

हट्टाच्या पाठोपाठ आणखी तीन समजुती येतात. हट्ट पुरला नाही तर ते फक्त गैरसोयीचं राहत नाही, भयंकर होतं. मग ते असह्य होतं. आणि शेवटी माणसावर शिक्का बसतो: मी नालायक, किंवा तो हरामखोर. घरातल्या भांडणापासून परीक्षेच्या निकालापर्यंत कुठलाही प्रसंग घ्या, ही साखळी ओळखू येते.

समजुतीची उलटतपासणी

पुढची पायरी या समजुतीला प्रश्न विचारण्याची. एलिस यांचे प्रश्न साधारण तीन दिशांनी येतात.

पहिला पुराव्याचा. मी चुकता कामा नये, हा नियम कुठे लिहिला आहे? बैठकीत चुकीचं इंग्रजी बोललेले लोक कंपनीत टिकलेले नाहीत का? हसतील म्हणतेस, तर याआधी किती जण, किती वेळ हसले? दुसरा तर्काचा. मला चांगलं इंग्रजी यावं असं वाटतं, हे खरं. पण त्यावरून ते आलंच पाहिजे हे कसं निघतं? एक वाक्य चुकलं, यावरून सगळं माणूस टाकाऊ हे कसं सिद्ध होतं? तिसरा उपयोगाचा, आणि बहुतेकांना तोच लवकर पटतो. ही समजूत धरून ठेवून आजवर काय मिळालं? इंग्रजी सुधारलं, की बोलायची संधीच गेल्यामुळे आणखी कच्चं राहिलं?

या तपासणीतून नवी समजूत उभी राहते. ती गोडगोड असायची गरज नाही, खरी असावी लागते. त्या मुलीसाठी ती अशी असू शकेल: मला नीट बोलता यावं असं फार वाटतं. आज कदाचित चुकेन. कुणी हसलं तर वाईट वाटेल, पण ते मी सोसू शकते. शिकायचं तर चुकतच शिकावं लागेल.

यात एक बारकावा आहे आणि वरवर वाचणाऱ्यांच्या हातून तो हमखास सुटतो. भावना नाहीशी करणं हे एलिस यांचं ध्येय नाही. बैठकीआधी थोडी काळजी वाटलीच पाहिजे. ती तयारी करायला लावते. जवळचं माणूस गेलं तर दुःख व्हायला हवं. अन्याय झाला तर चीड यायला हवी. त्यांनी दुःखद भावनांचे दोन गट केले. काळजी, दुःख, खेद, नापसंती या भावना त्रास देतात, पण माणसाला हालचाल करू देतात. धास्ती, नैराश्य, अपराधगंड, आंधळा संताप या भावना हातपाय बांधतात. पहिल्या इच्छेतून येतात, दुसऱ्या हट्टातून. माणसाला दगड करायचं नाही, त्याचे हातपाय मोकळे करायचे आहेत.

कळतं पण वळत नाही

इथपर्यंतचं वाचून बहुतेक जण म्हणतील, हे सगळं पटतं, पण ऐन वेळी काही आठवत नाही. एलिस यांना हे ठाऊक होतं. डोक्याने पटलेली गोष्ट अंगवळणी पडायला कृती लागते, यावर त्यांचा इतका भर होता की रुग्णाला प्रत्येक भेटीनंतर ते गृहपाठ देत.

भीती टिकते कशी, हे पाहिलं की गृहपाठाचं महत्त्व कळतं. भीतीची जागा आली की आपण ती टाळतो. टाळल्याबरोबर हायसं वाटतं. हे हायसं वाटणं म्हणजे टाळण्याला मिळालेलं बक्षीसच. बक्षीस मिळालेलं वागणं पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी टाळण्याची सवय घट्ट होते. शिवाय टाळल्यामुळे आपली भीती खरी होती की खोटी, याची परीक्षा कधी होतच नाही. याउलट माणूस भीतीच्या जागी थांबला तर भीती चढते, काही वेळाने उतरू लागते, आणि जे भाकीत केलं होतं ते घडलं नाही याची नोंद मेंदू घेतो. अशा नोंदी साठल्या की भीतीची पकड सुटते.

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्येच याचा एक नमुना दाखवला होता. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला भ्यायचा. त्याला आवडता खाऊ देत देत ससा दर खेपेला थोडा जवळ आणला गेला. काही काळाने पीटर सशाशी खेळू लागला. एलिस यांनी तरुणपणी या धर्तीचे प्रयोग वाचले होते. बागेतला गृहपाठ त्यातूनच सुचला. आजही भीतीच्या विकारांवरच्या उपचारात हे टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं मध्यवर्ती मानलं जातं.

लाजेसाठी त्यांनी वेगळाच व्यायाम काढला. चारचौघांत मुद्दाम काहीतरी वेडगळ, पण कुणालाही इजा न करणारं करायचं. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून ओढत न्यायचं, किंवा आगगाडीत येणाऱ्या स्थानकाचं नाव मोठ्याने पुकारायचं. उद्देश असा की लोक बघतील, क्वचित हसतील आणि पुढच्या मिनिटाला विसरून आपल्या कामाला लागतील, हे स्वतः अनुभवावं. लोक काय म्हणतील या प्रश्नाचं खरं उत्तर बहुधा असं असतं: फार काही नाही, आणि फार वेळ नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने केळं ओढायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बैठकीत एक वाक्य बोलायचं, तेही लिहून नेलेलं चालेल. दुसऱ्या आठवड्यात एक प्रश्न विचारायचा. मग पाच मिनिटांचं सादरीकरण मागून घ्यायचं. दर वेळी आधी काय होईल असं वाटलं होतं आणि खरं काय झालं, हे वहीत दोन ओळींत लिहायचं. दोन रकान्यांतला फरक दिसू लागला की वेगळ्या उपदेशाची गरज राहत नाही.

चालढकलीचं मूळ

आपणच उभे केलेल्या अडथळ्यांत सर्वांत सभ्य दिसणारा अडथळा म्हणजे चालढकल. ती भीतीसारखी ओरडत नाही. अभ्यास उद्यापासून, व्यायाम सोमवारपासून, अर्ज सणवार झाल्यावर. एलिस आणि विल्यम क्नॉस यांनी 1977 साली चालढकलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आळस म्हणून ती सोडून देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. तिच्या मुळाशी बहुधा तिसरा हट्ट असतो: मला त्रास होता कामा नये. कधी पहिलाही असतो: उत्तम जमणार नसेल तर सुरूच नको.

पुढच्या संशोधनाने याला दुजोरा दिला. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचल या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं की चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीची समस्या आहे. काम समोर आलं की कंटाळा, शंका, दडपण येतं. काम पुढे ढकललं की तत्काळ बरं वाटतं. आजचं हे बरं वाटणं उद्याच्या आपल्याकडून उसनं घेतलेलं असतं, आणि व्याज चढत जातं.

म्हणून नुसतं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून भागत नाही. कामाला बसल्यावर जी अस्वस्थता येते ती सोसण्याजोगी आहे, हे आधी कबूल करावं लागतं. कंटाळा येईल, येऊ दे, कंटाळ्यासकट वीस मिनिटं बसतो, एवढं पुरतं. मग एक साधी युक्ती कामी येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवलं की नुसतं करीन असं ठरवणाऱ्यांपेक्षा कधी, कुठे आणि कसं करीन हे ठरवणाऱ्या लोकांनी काम तडीस नेण्याची शक्यता बरीच अधिक असते. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायचा होता. ज्यांनी त्यासाठीची वेळ आणि जागा आधी लिहून दिली, त्यांच्यात अहवाल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं. रात्रीची भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्याच टेबलावर वही उघडीन, असा ठराव उद्यापासून मन लावून अभ्यास करीन या प्रतिज्ञेपेक्षा कितीतरी कामाचा.

स्वतःला एकच गुण देऊ नका

यशाच्या मागे लागलेल्या माणसाला सगळ्यात महाग पडते ती स्वतःला तोलण्याची सवय. पहिला आलो तर मी भारी, नापास झालो तर मी कुचकामी. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना विचारा. जागा मोजक्या, परीक्षा अनेक टप्प्यांची, निकाल लांबणारे. तिथे निवड न होणं हे गणिताने बहुसंख्यांच्या वाट्याला येणार आहे. तरी प्रत्येक जण त्याचा अर्थ आपल्या किमतीशी लावतो, गावी जायचं टाळतो, लग्नसमारंभ चुकवतो.

एलिस इथे फार स्पष्ट बोलत. कामाला गुण द्या, माणसाला देऊ नका. टोपलीत वीस फळं आहेत. काही गोड, काही आंबट, एखादं डागाळलेलं. प्रत्येक फळाबद्दल मत देता येईल, पण सगळ्या टोपलीला एकच चव कशी देणार? माणूस तर त्याहून गुंतागुंतीचा आणि रोज बदलणारा. म्हणून आत्मविश्वास वाढवा, स्वतःला महान समजा, हा सल्लाही त्यांना धोक्याचा वाटे. तो यशाच्या आधारावर उभा असतो, यश सरकलं की कोसळतो. त्याऐवजी ते विनाअट स्वीकार सुचवत: मी चुकणारा माणूस आहे, या परीक्षेत कमी पडलो, का पडलो ते बघतो.

स्वीकार म्हणजे हार मानणं असा काहींचा समज होतो. प्रत्यक्षात उलट घडतं. चूक म्हणजे आपल्या किमतीवरचा घाला नाही, एवढं कळलं की माणूस चुकीकडे सरळ बघू शकतो. पेपर परत मागवून तपासू शकतो. ज्याला चूक झाली की तोंड लपवावंसं वाटतं, त्याची सगळी ताकद लपवण्यात जाते.

गोड विचारांचं औषध

अमेरिकेत 1952 साली नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. त्याचे वंशज आज आपल्याकडे रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानापासून सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांपर्यंत सर्वत्र भेटतात. मी यशस्वी होणारच, असं रोज म्हणा. एलिस यांचा याला विरोध होता. मी होणारच हाही एक हट्टच, फक्त त्याला हसरा मुखवटा आहे. नाही झालो तर काय, या प्रश्नाला त्यात जागा नाही.

गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं संशोधन इथे बोलकं आहे. थॉमस वॉडन यांच्यासह 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांना पाहिलं. आपल्याला जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचं वजन अधिक उतरलं. पण बारीक झाल्याची गुलाबी स्वप्नं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. स्वप्नातच पोटभर समाधान मिळालं की उठून चालायला जायचा जोर ओसरतो. ओटिंगन यांचा पुढचा सल्ला असा: हवं ते डोळ्यांसमोर आणा, लगेच त्याच्या आड येणारा स्वतःमधला अडथळा आणा आणि तो आला की काय करायचं ते ठरवून ठेवा.

मराठीतला विवेकनिष्ठ विचार

महाराष्ट्राला एलिस परके नाहीत. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता आणि ही पद्धत भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून एलिस यांचं आयुष्य मराठीत आणलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या कामातही विवेकनिष्ठ पद्धतीला महत्त्वाचं स्थान आहे. म्हणजे ज्याला मुळातून वाचायचं किंवा शिकायचं आहे, त्याला मराठीतच पुरेसं साहित्य आणि माणसं उपलब्ध आहेत.

कुठे थांबायचं

या पद्धतीला मर्यादा आहेत. तिच्यावर झालेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. उपयोग होतो, पण तो मध्यम स्वरूपाचा, असा त्याचा निष्कर्ष आहे. कुणी जादूचा दावा करत असेल तर सावध राहावं. दुसरं म्हणजे, बाहेरचा अन्याय आतल्या समजुतीच्या माथी मारायला ही पद्धत वापरू नये. पगार थकवणाऱ्या मालकाच्या कामगाराला तुझा दृष्टिकोन बदल म्हणणं हा निव्वळ दुष्टपणा. तिथे धास्ती कमी करायची ती डोकं शांत ठेवून भांडता यावं म्हणून.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. तिथे गृहपाठाची वही पुरणार नाही. डॉक्टरकडे जावं, औषध दिलं तर घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

एलिस स्वतःही संतपुरुष नव्हते. बोलणं फटकळ, व्यासपीठावर शिव्या देण्याची सवय. पण स्वतःचं औषध ते स्वतः घेत. चाळिशीत मधुमेह जडला, तो सांभाळत त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं काम केलं. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या संस्थेत दर शुक्रवारी संध्याकाळी ते माफक शुल्कात सर्वांसमोर लोकांच्या अडचणी सोडवत. ही प्रथा दशकानुदशकं चालली. 2005 मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या संचालक मंडळाने त्यांना काढून टाकलं. ते न्यायालयात गेले आणि जानेवारी 2006 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. 24 जुलै 2007 रोजी, 93 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

तुमच्या मनात या क्षणी एखादी लांबवलेली गोष्ट असेलच: एक फोन, एक अर्ज, एक माफी, एक तपासणी. ती करताना बरं वाटेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिचा सर्वांत लहान तुकडा निवडा, त्याची वेळ आणि जागा कागदावर लिहा आणि भीती असली तर भीतीसकट करा. आणि मनाचं ओझं एकट्याने पेलवत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा. तो देशभर विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.